आधी सांगा, चहा घेतलाय का?

आमच्याकडे सकाळी हृदयाच्या स्कॅनला पेशंट आला की छातीत कधीपासून दुखतंय वगैरे सगळं नंतर, आधी विचारायचं ते चहाचं. उत्तर ठरलेलं, "छे छे, काल रात्रीपासून पाण्याशिवाय काही नाही." मग मी बीपी बघत असते, फॉर्मवर सही घेत असते, आणि शेजारी उभ्या काकू हळूच बोलतात, "अहो, तो स्टेशनवर घेतलात ना अर्धा कप?" काका त्यांच्याकडे असे बघतात की विचारू नका. अर्धा कप असला तरी तो चहाच, त्यामुळे टेस्ट पुढे ढकलायची, काकांचा मुलगा रजा टाकून आलेला असतो तो वैतागणार, आणि वैतागणार म्हणजे माझ्यावर, चहावर कोण वैतागतं.

तर मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे. हे सांगितलं की समोरचा म्हणतो, म्हणजे एक्स-रे काढता का. एक्स-रे किंवा सीटीमध्ये मशीन किरण सोडतं आणि ते तुमच्यातून आरपार जातात, आमच्याकडे उलटं, थोडंसं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात, किरण तुमच्यातून बाहेर येतात आणि गॅमा कॅमेरा ते नुसते टिपत बसतो. औषध रक्ताबरोबर जातं, जिथे रक्त पोचलं तिथे ते पोचलं, जिथे नाही तिथे स्क्रीनवर काळोख. हृदयाच्या स्नायूला रक्त पोचतंय का, फुप्फुसाच्या कुठल्या भागाला पोचत नाहीये, माझा दिवस या दोन प्रश्नांत जातो. हाडांचे, किडनीचे, थायरॉइडचे स्कॅन पण असतात पण त्यांचं पुन्हा कधीतरी.

आपल्याकडे हृदय म्हटलं की लोकांच्या तोंडी टक्केच. बाबांना 70 टक्के ब्लॉकेज, मामांना 90 टक्के निघाला, फॅमिली ग्रुपवर टक्के बोर्डाच्या निकालासारखे फिरतात. अँजिओग्राफी चांगलीच टेस्ट आहे, तिला नावं ठेवत नाहीये, पण ती नळीच्या आतली जागा दाखवते. सोसायटीत पाण्याची बोंब असली तर तुम्ही पाइपलाइनचा नकाशा बघून गप्प बसता का, वरच्या मजल्यावर बादली भरते का ते बघायला जाता ना, तसं. नळी बऱ्यापैकी अरुंद असून पलीकडच्या स्नायूला रक्त पुरेसं पोचतंय असं होतं, आणि चित्रात साधारण दिसणारा ब्लॉक चालताना त्रास देतोय असंही होतं. म्हणून तर अँजिओग्राफी करतानाच कितीतरी ठिकाणी आत बारीक वायर घालून ब्लॉकच्या अलीकडचं पलीकडचं प्रेशर मोजतात, पलीकडचं प्रेशर अलीकडच्याच्या 0.80 किंवा त्याहून कमी निघालं तर तो ब्लॉक खरंच रक्त अडवतोय असं धरतात. टक्क्यांवरच भागलं असतं तर ही वायर कुणी बनवलीच नसती.

आता चहाकडे येते. निवांत बसलेल्या माणसाचं हृदय खूप मोठ्या ब्लॉकवरही भागवून घेतं, कारण ब्लॉकच्या पुढच्या बारीक रक्तवाहिन्या आधीच पूर्ण उघडून बसलेल्या असतात. म्हणून हृदयाला कामाला लावायचं. चालू शकणाऱ्याला ट्रेडमिलवर, तीन तीन मिनिटांनी चढ आणि वेग वाढत जातो, आणि 220 मधून वय वजा करून जो आकडा येतो त्याच्या 85 टक्क्यांपर्यंत ठोके न्यायचे, म्हणजे साठीच्या माणसाला 136. गुडघे गेलेत, लकवा होऊन गेलाय, धाप लागते, अशांना ॲडिनोसिन नावाचं औषध, सहा मिनिटं शिरेतून. त्याने चांगल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, रक्त तिथे तिप्पट चौपट वाहायला लागतं, आणि जिथे ब्लॉक आहे तिथे आधीच सगळं उघडलेलं असल्यामुळे आणखी वाढायला जागाच नसते. हा जो फरक पडतो तोच कॅमेऱ्यात येतो. आणि चहा कॉफीतलं कॅफिन करतं काय तर ॲडिनोसिन जिथे जाऊन बसतं त्याच जागा अडवून ठेवतं. औषध दिलं, रक्तवाहिन्या उघडल्याच नाहीत, फरक पडलाच नाही, स्कॅन छान नॉर्मल. पेशंट खूश, घरचे खूश, आणि रिपोर्ट खोटा. म्हणून कमीत कमी 12 तास, आम्ही सरळ 24 तास सांगतो, त्यात कोल्ड्रिंक, चॉकलेट आणि डोकेदुखीच्या काही गोळ्या पण आल्या, त्यांत कॅफिन असतं. दम्याच्या पेशंटना डेरिफायलिन या दम्याच्या औषधाबद्दल वेगळं विचारावं लागतं, तेही याच जागा अडवतं, आणि दमा जोरात असेल तर ॲडिनोसिन देतच नाहीत, हृदयाला जोरात चालवणारं डोब्युटामिन वापरतात. "पण मी तर ट्रेडमिलवर चालणारे, मला चहा चालेल ना?" असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. चार मिनिटांत पाय भरून आले की तुम्हाला इंजेक्शनवरच घ्यावं लागणारे काका, तेव्हा नको.

ती सहा मिनिटं मला अजूनही कठीण वाटतात, आणि मी ती किती वेळा बघितलीत त्याला हिशोब नाही. दुसऱ्या मिनिटाला तोंड लाल होतं, मग छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, काही जण म्हणतात घसा आवळला, एक आजी म्हणाल्या होत्या "अगं माझ्या आत कुणीतरी धावतंय." डॉक्टर ईसीजीवर डोळा ठेवून, सिस्टर बीपी घेतायत, ॲडिनोसिनवरचा उतारा, ॲमिनोफायलिन, भरून तयार असतं, मी तिसऱ्या मिनिटाला माझं औषध देते नि बोलत राहते, आजी गाव कुठलं, नातवंडं किती. ॲडिनोसिन रक्तात दहा सेकंदसुद्धा टिकत नाही, पंप बंद केला की मिनिटाभरात माणूस परत जागेवर. हे आधी नीट सांगितलं ना तर पेशंट निम्मे कमी घाबरतात, पण सांगायला वेळ काढावा लागतो आणि बाहेर नंबर लागलेले असतात.

माझं औषध म्हणजे टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ लावलेलं मिबी. चिठ्ठीवर सगळे स्ट्रेस थॅलियम लिहितात, थॅलियम म्हणजे आधी वापरायचे तो किरणोत्सारी पदार्थ, जुनी सवय, बहुतेक ठिकाणी हल्ली थॅलियम नसतं. मिबीची मजा अशी की ते स्नायूच्या पेशीत शिरतं आणि तिथेच चिकटून बसतं, नंतर फारसं हलत नाही. त्यामुळे फोटो तासाभराने काढला तरी दिसतं ते सुई टोचली त्या मिनिटाचं हृदय. पेशंट तोपर्यंत बाहेर बसून दूध पिऊन, पेपर वाचून, पूर्ण शांत झालेला असतो, आणि स्क्रीनवर मात्र ट्रेडमिलवर धापा टाकणारं हृदय दिसतंय. इतकी वर्षं झाली तरी मला हे भारी वाटतं.

त्या मधल्या तासात खायला पाठवतो तेव्हा गंमत असते. मिबी यकृतात पण जातं, तिथून पित्तातून आतड्यात उतरतं, आणि हृदयाची खालची भिंत बरोबर त्याच्या शेजारी, आतडं चमकत असेल तर ती भिंत वाचताच येत नाही. म्हणून आम्ही दूध आणि काहीतरी तुपातेलाचं खाऊन या म्हणतो. ज्या माणसाला घरचे तीन वर्षं तेल दाखवत नाहीयेत तो हे ऐकून असा काही उठतो! कॅन्टीनमधून परत आलेल्या एका काकांना मी विचारलं काय खाल्लं, तर म्हणाले दोन वडापाव, डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टरांनी दोन सांगितले नव्हते.

मग टेबलावर झोपायचं, हात डोक्याच्या वर, पंधरा-वीस मिनिटं हलायचं नाही, कॅमेऱ्याची दोन डोकी छातीभोवती अर्धं वर्तुळ फिरतात. फ्रोजन शोल्डर असेल तर आधी सांगा, उशा लावून जमवता येतं. आणि मंगळसूत्र. सोन्याच्या वाट्या बरोबर हृदयासमोर येतात, किरण अडतात, आणि पुढच्या भिंतीत नसलेला डाग दिसतो. "काढा" म्हटलं की निम्म्या आज्या तयारच होत नाहीत, तर वाद घालायचा नाही, मागे पाठीवर सरकवायचं, वाट्या खांद्याजवळ चिकटपट्टीने लावायच्या, काम होतं. बायकांत स्तनामुळे पुढची भिंत फिकी दिसू शकते, पुरुषांत छाती-पोटामधल्या पडद्यामुळे खालची, म्हणून संशय आला की पालथं झोपवून परत काढतो, खरा डाग असेल तर तो तसाच राहतो, खोटा असेल तर बहुतेकदा जातो. खिशातली नाणी, तंबाखूची डबी, हे तर रोजचंच.

दोन फोटो शेजारी ठेवायचे, श्रमाचा आणि, निवांत असताना औषध टोचून काढलेला, विश्रांतीचा. श्रमात डाग, विश्रांतीत भरला, म्हणजे स्नायू जिवंत आहे पण काम वाढलं की उपाशी राहतो. दोन्हीत डाग म्हणजे बहुतेक जुना अटॅक, तिथे व्रण. बहुतेक म्हणते कारण कधी कधी स्नायू मेलेला नसतो, नुसता पडून असतो, ते बघायला मग किरणोत्सारी ग्लुकोज देऊन पेट (PET) नावाचं स्कॅन करतात.

आणि आमची टेस्ट कुठे फसते तेही सांगते, नाहीतर मी माझ्याच दुकानाची जाहिरात करतेय असं व्हायचं. हे फोटो तुलनेवर चालतात, हृदयाचा सगळ्यात उजळ भाग शंभर धरून बाकीचं मोजायचं. हृदयाच्या तिन्ही मुख्य रक्तवाहिन्या सारख्याच खराब असतील तर सगळंच सारखं मंद, म्हणजे सगळंच सारखं उजळ, म्हणजे चित्र नॉर्मल! अनुभवी डॉक्टर अशा वेळी दुसऱ्या खुणा शोधतात, श्रमाच्या फोटोत हृदय फुगल्यासारखं दिसतंय का, पंपिंग पडलंय का, ट्रेडमिलवर बीपी वाढायच्या ऐवजी उतरलं का. यावर चांगला उपाय म्हणजे किरणोत्सारी अमोनिया किंवा रुबिडियमचं पेट, त्यात एक ग्रॅम स्नायूला मिनिटाला किती मिली रक्त हे खरंखुरं मोजता येतं, विश्रांतीत साधारण 1 मिली, औषध दिल्यावर निरोगी माणसात अडीच तीन. पण त्या अमोनियाचं आयुष्य निम्मं होतं 10 मिनिटांत, रुबिडियमचं 75 सेकंदांत, त्यामुळे दारातच सायक्लोट्रॉन, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ बनवणारं मोठं यंत्र, नाहीतर रुबिडियम काढायचा महागडा जनरेटर (विजेचा नव्हे) हवा. आपल्याकडे हे फार थोड्या ठिकाणी.

डाग निघाला की लोकांना वाटतं उद्या स्टेंट. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाला काय करा ते सांगणार नाही, पण इस्केमिया नावाची मोठी ट्रायल झाली, 5179 पेशंट, आपल्या देशातलेही होते, सगळ्यांना टेस्टमध्ये मध्यम ते जास्त रक्त कमी पडतंय असं दिसलेलं आणि तब्येत स्थिर. निम्म्यांना अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त औषधं. 2019 च्या शेवटी निकाल आला, मृत्यू आणि अटॅक यात म्हणण्यासारखा फरक नाही, छातीत दुखण्याचा त्रास मात्र स्टेंट-बायपासवाल्यांचा जास्त कमी झाला. मुख्य डाव्या रक्तवाहिनीत मोठा ब्लॉक असलेले यात घेतलेच नव्हते, आणि अटॅक चालू असलेल्या माणसाची गोष्ट पूर्ण वेगळी, तिथे वेळ घालवायचाच नाही. पण स्थिर पेशंटला डॉक्टरांशी बसून बोलायला वेळ असतो एवढं तरी त्यातून कळतं. हे मी आमच्या वेटिंगमध्ये बसलेल्या घाबरलेल्या मुलांना सांगते तेव्हा ते माझ्याकडे संशयानेच बघतात.

आता फुप्फुस, माझा आवडता भाग. यातलं औषध म्हणजे अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचे बारीक कण, 10 ते 90 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फुप्फुसातल्या केशवाहिन्या 7-8 मायक्रॉनच्या, म्हणजे हे कण जाऊन अडकतातच, आणि अडकावेत म्हणूनच देतात. ऐकून दचकायला होतं, फुप्फुसाच्या गुठळीची शंका असलेल्या माणसाला आणखी अडथळे? पण कण जातात दोन ते पाच लाख, आणि हजारातली एकसुद्धा बारीक वाहिनी बंद होत नाही, काही तासांत कण विरघळून जातात. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचं प्रेशर खूप वाढलेलं असेल किंवा पेशंट गरोदर असेल तर कण आणखी कमी करायचे.

हे इंजेक्शन देण्यात हात बसायला लागतो. सिरिंज आधी हलक्या हाताने उलटीसुलटी करायची, कण तळाशी बसतात. पेशंट आडवा, कारण उभ्या माणसात रक्त खाली ओढलं जातं आणि वरचा भाग उगाच रिकामा दिसतो. शिरेत सुई आहे का बघायला सिरिंजमध्ये रक्त ओढायचं नाही, नवीन मुलांना मी हेच सगळ्यात आधी सांगते, बाकी सगळीकडे ओढून बघायची सवय असते ना. इथे ओढलं की रक्त आणि कण मिळून सिरिंजमध्येच गोळे होतात आणि स्कॅनवर फुप्फुसात भलतेच तेजस्वी ठिपके. द्यायचं सावकाश, पेशंटला लांब श्वास घ्यायला लावून. आणि स्कॅनवर किडन्या आणि मेंदू दिसले तर थांबायचं, म्हणजे काही रक्त फुप्फुसाला वळसा घालून थेट पलीकडे जातंय, हृदयात भोक वगैरे.

नुसता रक्ताचा फोटो पुरत नाही, हवेचा पण लागतो. नेब्युलायझरसारख्या मास्कमधून किरणोत्सारी फवारा ओढायला देतात, काही सेंटरवर त्याऐवजी टेक्नेगॅस असतो, ऑस्ट्रेलियात निघालेला. दोन्ही कशाला? कारण फुप्फुस हुशार आहे, ज्या भागात हवा येत नाही तिथलं रक्त ते स्वतःच कमी करतं, 1946 मध्ये स्वीडनच्या फॉन ऑयलर आणि लिलियेस्ट्रांड यांनी मांजरांवर हे दाखवलं होतं. म्हणजे न्यूमोनिया, दमा, विडी ओढून झालेलं फुप्फुस, यात हवा आणि रक्त दोन्ही एकाच जागी कमी. पण हवा मस्त जातेय आणि रक्ताच्या फोटोत पाचरीसारखा तुकडाच गायब, तर रक्तवाहिनीत काहीतरी अडकलंय, आणि ते बहुतेक वेळा गुठळीच असते.

रात्री दोनला कुणी धापा टाकत कॅज्युअल्टीत आला तर सीटी अँजिओ करतात, आणि बरोबरच आहे, पाच मिनिटांत गुठळी डोळ्यांनी दिसते, आमचा कॅमेरा तेव्हा बंद असतो. आमच्याकडे येतात ते किडनी अधू असलेले, सीटीसाठी टोचतात त्या कॉन्ट्रास्टची ॲलर्जी असलेले, काही गरोदर बायका. आणि एक गट असा की ज्याच्यासाठी ही टेस्ट पहिली व्हायला हवी पण बहुतेकदा शेवटी होते. गुठळी होऊन गेली, तीन महिने रक्त पातळ करायची औषधं घेतली, तरी धाप जात नाही. काहींच्यात गुठळी विरघळतच नाही, रक्तवाहिनीच्या आत जाड चिवट थर होऊन बसते आणि फुप्फुसाचं प्रेशर चढत जातं. काहींना तर आधी गुठळी झाली होती हे माहीतच नसतं.

एक मुलगी आली होती, बाळंतपणानंतर दोन जिने चढले की बसावं लागायचं. फाईल ही एवढी. रक्त कमी आहे म्हणून गोळ्या, दमा म्हणून पंप, वजन वाढलंय म्हणून सल्ला, आणि सासूचं म्हणणं हल्लीच्या मुलींना सहनच होत नाही. शेवटी कुणीतरी इको केला. इकोमध्ये उजव्या बाजूची झडप किती वेगाने रक्त मागे फेकते ते मोजतात, तो वेग सेकंदाला 4 मीटर निघाला तर चारचा वर्ग गुणिले 4, म्हणजे 64, त्यात थोडं मिळवलं की फुप्फुसाच्या प्रेशरचा अंदाज येतो, निरोगी माणसात हे तिशीच्या आसपास किंवा कमी असतं. तिचं बरंच वर होतं. मग आमच्याकडे. हवेचा फोटो बघावा तर दोन्ही फुप्फुसं भरलेली, आणि रक्ताचा लावला तर दोन्हीकडे कुरतडल्यासारखं, उजवीकडे खालचा भाग जवळजवळ नाहीच. आम्ही दोघी स्क्रीनसमोर होतो, ज्युनिअर म्हणाली मॅडम इंजेक्शन शिरेबाहेर गेलं का. गेलं नव्हतं.

वाईटातलं चांगलं हे की फुप्फुसाचं प्रेशर वाढण्याच्या प्रकारांत हा, न विरघळलेल्या गुठळीचा, ऑपरेशनने पूर्ण बरा होऊ शकतो. ऑपरेशन साधं नाही, शरीर 18-20 डिग्रीपर्यंत थंड करून वीस-वीस मिनिटं रक्ताभिसरण थांबवतात आणि रक्तवाहिनीच्या आतला थर सोलून काढतात. तिचं झालं. नंतरच्या स्कॅनला आली तेव्हा बाळ बरोबर, आणि भांडण माझ्याशी, बाळाला कडेवर का घेऊ देत नाही म्हणून.

तर ते पण सांगून टाकते. टेक्नेशियम 6 तासांनी निम्मं होतं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सोळावा भाग उरतो, लघवीतूनही जातं. त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बायका थोड्या लांब, पाणी भरपूर, अंगावर पाजत असाल तर फुप्फुसाच्या स्कॅननंतर साधारण 12 तास दूध काढून टाकायचं, आधी काढून ठेवलेलं द्यायचं. दोन-तीन दिवसांत विमानाने जाणार असाल तर आमच्याकडून पत्र घ्या, काही एअरपोर्टवरची यंत्रं ओरडतात.

हे टेक्नेशियम येतं जनरेटरमधून, शिशाच्या डब्यात मॉलिब्डेनम असतं, त्याचं 66 तासांनी निम्मं होतं, आणि रोज सकाळी आम्ही सलाईन टाकून त्यातून टेक्नेशियम काढतो, धंद्यातला शब्द मिल्किंग. आठवड्याच्या शेवटी ते आटतं, म्हणून शनिवारी मोठे पेशंट घ्यायला आम्ही कुरकुर करतो. मॉलिब्डेनम बनतं अणुभट्टीत, जगात मोजक्याच भट्ट्या. 2009 च्या मे मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी गळती म्हणून बंद पडली ती वर्षाहून जास्त, तर जगभर स्कॅन रखडले, कितीतरी ठिकाणी हृदयासाठी परत थॅलियम काढावं लागलं कारण ते सायक्लोट्रॉनमध्ये बनतं. आपल्याकडे वाशीची ब्रिट ही सरकारी संस्था पुरवते, काही आयात होतं, आणि फ्लाइट चुकली की सकाळी सातला पेशंटना फोन करायचं काम माझं.

सुरुवात कुणी केली म्हणाल तर बॉस्टनचे हर्मन ब्लुमगार्ट, 1920 च्या दशकात. रेडॉनपासून मिळालेला किरणोत्सारी पदार्थ सलाईनमध्ये मिसळून एका हातात टोचायचा आणि दुसऱ्या हाताशी यंत्र धरून बसायचं, कधी पोचतो ते बघत. निरोगी माणसात सुमारे 18 सेकंद, हृदय थकलेलं असेल तर जास्त. ना कॅमेरा ना कॉम्प्युटर. आम्ही आज करतो ते मुळात तेच, फक्त चित्रं रंगीत झालीत.

कमेंटमध्ये विचारायच्या आधीच: हो, ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या आधी बंद ठेवतात, पण कुठल्या ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवू नका. सैल कपडे, पुढून उघडणारे, आणि बायकांनी साडीपेक्षा कुर्ता घातला तर सगळ्यांचंच सोपं. दिवसाचा बराच भाग जातो, बरोबर माणूस हवा, आणि तो माणूस चहा प्यायला गेला तर पेशंटसमोर पिऊ नका हो. आणि जुना स्कॅन झाला असेल तर त्याची सीडी आणा. रिपोर्टची झेरॉक्स आणतात लोक, त्यावर रंग नसतो काही नसतं, काळ्या चौकोनात काळे गोळे, त्याची तुलना कशाशी करायची.